हयातीचा दाखला
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात ज्येष्ठ पदवीधरांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली, तेव्हा आम्ही प्रथम नम्रपणे नकार दिला. ज्या ज्येष्ठ पदवीधरांचा आज सत्कार व्हावयाचा, त्यांच्या यादीत आमचेही नाव आहे. स्वतःच्या सत्कारात स्वतःच भाषण करणे म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टके म्हणण्यासारखे आहे. परंतु चिटणिसांनी हा आक्षेप मानला नाही. "माहिती तुम्ही गोळा केलीत, तेव्हा ती सांगण्याची जबाबदारीही तुमचीच," असा त्यांनी निकाल दिला. निकालावर अपील नसल्यामुळे आम्ही आपणांपुढे उभे आहोत.

माहितीची हकीकत अशी. गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव झाला की, आपल्या ज्ञातीतील साठी ओलांडलेल्या पदवीधरांची एक नोंदवही करावी. त्याप्रमाणे एक पत्रक छापून घरोघर धाडण्यात आले. नाव, पदवी, पदवीचे वर्ष, नोकरी वा व्यवसाय, निवृत्तीच्या वेळचे पद असे नेहमीचे रकाने त्यात होते. अगदी शेवटी, कागदावर थोडी जागा उरली म्हणून, आम्ही आणखी एक रकाना घातला: "सध्या काय करता?" खरे सांगावयाचे तर तो रकाना जागा भरण्याकरिता होता. पुढे सर्व पत्रकांत तोच एक वाचण्यासारखा निघाला.

पहिले रकाने आपल्या मंडळींनी मोठ्या हौसेने भरले. पदवीचा वर्ग, विषय, महाविद्यालय, इतकेच नव्हे तर अर्ध्या गुणाने हुकलेला पहिला वर्ग, हे सारे काल घडल्यासारखे नोंदलेले होते. नोकरीच्या रकान्यात बदल्यांची गावे क्रमाने होती. एका गृहस्थांनी तर प्रत्येक गावापुढे तेथील पाण्याविषयी शेरा दिला होता. परंतु शेवटच्या रकान्यापाशी आले की लेखणी अडखळलेली दिसे. कोणी लिहिले "विश्रांती", कोणी "नातवंडे", कोणी "ईश्वरचिंतन", कोणी नुसतेच "प्रकृती साधारण". आम्ही स्वतः "वाचन व मनन" असे लिहिले होते. आता संमेलनात खोटे कशाला बोला? आमचे वाचन म्हणजे एकच वर्तमानपत्र दोनदा वाचणे, आणि मनन म्हणजे सूनबाईंनी केलेला चहा कालच्यापेक्षा पातळ का, याचा विचार करणे.

आणि एका पत्रकावर सुवाच्य, वळणदार अक्षरात एकच शब्द होता: "निरंक."

ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत, त्यांस हा शब्द समजावून सांगावयास नको. विवरणपत्रात दाखविण्यासारखे काहीच नसले म्हणजे त्यावर "निरंक" असे लिहून ते वरिष्ठांकडे रवाना करावयाचे, अशी दप्तराची वहिवाट आहे. परंतु ते विवरणपत्र पावसाचे, पिकाचे वा वसुलीचे असते. पदवी घेतलेल्या, पस्तीस वर्षे सेवा केलेल्या मनुष्याने आपल्या उरलेल्या आयुष्याच्या विवरणपत्रावर हा शब्द लिहावा, याने आमच्या जिवाला चटका बसला. पदवीधराच्या आयुष्याचा उत्तरार्ध असा निरंक असावयाचाच का, हे शोधण्यासाठी आम्ही मागे वळलो. आपल्या नोंदवहीतील पदवीधर ज्या परंपरेतून आले, तिच्या अगदी मुळाशी गेलो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. बी. ए. ची पदवी घेणारी पहिली तुकडी १८६२ साली बाहेर पडली. त्या तुकडीत चार नावे आहेत: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. यांपैकी पहिली दोन शाळेतील मुलांनाही ठाऊक आहेत. उरलेली दोन मात्र या सभेतील कितीजणांना ठाऊक असतील, याची आम्हांस शंकाच आहे. मोडक शिक्षणखात्यात गेले आणि एल्फिन्स्टन हायस्कुलाचे प्रमुख झाले. वागळे वकिलीत शिरले. दोघेही प्रार्थना समाजाच्या कार्यात पुढे होते. चार पदवीधरांच्या वर्गातील दोघांचीही आठवण ठेवणे जर समाजास जमले नाही, तर पुढच्या लक्षावधींची काय कथा? नोंदवही का हवी, याचे याहून वेगळे कारण देण्याची गरज नाही.

त्या चौघांतील रानडे यांच्या वाट्यास निवृत्ती आलीच नाही. १८४२ साली निफाड येथे त्यांचा जन्म झाला. १८७१ मध्ये ते पुण्यास न्यायखात्यात आले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी ते निवर्तले, तेव्हा वयाची एकोणसाठ वर्षे पूर्ण होण्यास दोनच दिवस उणे होते. पेन्शनीत गेल्यावर स्वस्थपणे लिहू, असे म्हणून ते थांबले असते, तर आज आपणांस काय उरले असते? न्यायदानाचे काम सांभाळून त्यांनी सार्वजनिक सभेस बळ दिले, सामाजिक परिषद चालविली, अर्थशास्त्रावर निबंध लिहिले आणि मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ १९०० साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, प्रसिद्ध केला. "निवृत्तीनंतर पाहू" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी पंचवीस-पंचवीस वर्षे घोळविले आहे. या सभेत जे अद्याप नोकरीत आहेत, त्यांनी रानड्यांचे वय ध्यानात ठेवावे, एवढेच आमचे सांगणे.

भांडारकरांची गोष्ट वेगळी. मालवणात १८३७ साली जन्मलेला हा विद्वान रत्नागिरीच्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक होता. संस्कृताची जी दोन पुस्तके त्यांनी शाळेसाठी रचिली, ती घेऊन आपल्यापैकी कितीतरी पिढ्या विभक्ती शिकल्या. १८९३ मध्ये डेक्कन कॉलेजातून ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीत ते विद्यार्थी होते, त्याचेच सूत्र छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्या हाती आले. वैष्णव, शैव आणि इतर संप्रदायांवरचा त्यांचा प्रख्यात ग्रंथ १९१३ मध्ये निघाला, तेव्हा ते पंचाहत्तरीच्या पुढे होते. १९१७ साली, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलैस, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या संस्थेस दिला. तेथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. भांडारकर १९२५ मध्येच गेले होते. आपल्या हयातीत जे पूर्ण होणार नाही, असे काम वयाच्या ऐंशीव्या वर्षी सुरू करून द्यावयास मनाचा केवढा मोकळेपणा लागतो, याचा विचार प्रत्येकाने घरी जाऊन करावा.

आता अण्णासाहेब कर्वे. धोंडो केशव कर्व्यांचे नाव घेतले की आपण हात जोडतो आणि पुढे जातो. हात जोडण्यापूर्वी थोडा हिशोब करू. त्यांचा जन्म १८५८ चा, मुंबई विद्यापीठाची पदवी १८८४ ची. १८९१ मध्ये ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९१४ मध्ये निवृत्त झाले. नोकरी झाली तेवीस वर्षे. त्यानंतर ते जगले अठ्ठेचाळीस वर्षे. म्हणजे नोकरीच्या दुप्पट आणि वर दोन वर्षे अशी त्यांची निवृत्ती होती. महिला विद्यापीठाची स्थापना झाली १९१६ साली, म्हणजे निवृत्तीनंतर दोन वर्षांनी. सत्तरी उलटल्यावर १९२९ मध्ये ते परदेशांच्या प्रवासास निघाले आणि युरोप, अमेरिका, जपान फिरून त्या विद्यापीठासाठी साहाय्य मिळवीत राहिले. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, जेथे शाळा नव्हती अशा खेड्यांसाठी त्यांनी प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, समता संघ काढला. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न पदवी त्यांस मिळाली, आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी देह ठेवला. गणिताचा प्राध्यापक होता तो. उरलेल्या वर्षांची बेरीज त्याने आपल्यासारखी सांजवेळी खुर्चीत बसून केली नाही.

कोणी म्हणेल, ही तर संस्था काढणाऱ्यांची कथा झाली. एकांतप्रिय माणसाने काय करावे? त्यांच्यासाठी गोविंद सखाराम सरदेसाई यांचे उदाहरण आहे. बी. ए. झाल्यावर १८८९ मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत शिरले. महाराजांना वाचून दाखविणे, राजपुत्रांना शिकविणे, हे त्यांचे काम. त्या शिकविण्यातूनच रियासत जन्मली. १९२५ मध्ये साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत या लहानशा गावी येऊन राहिले. त्यांचा पुत्र श्यामकांत ऐन उमेदीच्या वयात गेला. पित्याने पुढे त्या मुलाची पत्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. घरात असा अंधार झालेला माणूस जपमाळ घेऊन बसला असता तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. परंतु १९३० ते १९३४ या काळात त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादून बाहेर काढले. ज्या दफ्तराच्या रुमालांपुढे तरुणांची छाती दडपावी, ते काम या वृद्धाने अंगावर घेतले. पुढे १९४६ ते १९४८ मध्ये मराठ्यांचा नवा इतिहास त्यांनी इंग्रजीत तीन खंडांत लिहिला, तेव्हा ते ऐंशीच्या पलीकडे होते. १९५९ मध्ये त्यांचा अंत झाला. कामशेतला ना विद्यापीठ होते, ना मोठे ग्रंथालय. तरी सर जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकार बंगालहून त्यांच्याकडे येत.

महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचेही असेच. आरंभी ते शाळामास्तर होते, मग उच्च न्यायालयात वकील झाले. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० मध्ये निघाला, तेव्हा त्यांचे वय पन्नास. अखेरचा भाग १९६२ मध्ये निघाला, तेव्हा वय ब्याऐंशी. मधल्या काळात साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठे लिहून झाली, तीही पोटाचे जुनाट दुखणे सोशीत. १९६३ मध्ये त्यांस भारतरत्न मिळाले. बहुतेक लोक ज्या वयात "आता काय राहिले" असे म्हणू लागतात, त्या वयात या माणसाने पहिले पान वाचकांच्या हाती दिले.

येथवर ऐकून आपणांस बरे वाटले असेल. आता जे सांगावयाचे आहे, ते ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून सांगण्यास थोडे अवघड आहे. परंतु ते वगळले तर हे भाषण खोटे होईल.

ही जी नावे आम्ही घेतली, त्यांतील बहुतेकांना त्यांच्या हयातीत ज्ञातीने काय दिले? कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि त्यांच्या वृद्ध मातेस त्याचा जाच सोसावा लागला. भांडारकरांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला, म्हणून जवळचे लोक दूर झाले. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला, एवढ्यावरून ग्रामण्य उठले आणि रानड्यांसारख्यास अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. विठ्ठल रामजी शिंदे १८९८ चे याच विद्यापीठाचे बी. ए. मोठ्या पगाराची जागा त्यांस सहज मिळाली असती. परंतु १९०६ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले आणि आयुष्य त्यातच घातले. आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून याच विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडलेले भीमराव आंबेडकर! त्यांना ज्ञाती या शब्दाने जे दिले, ते या सभागृहात उच्चारावयास आपली जीभ अडखळावी. त्यांनी १९४५ मध्ये शिक्षणसंस्था काढली, १९४६ मध्ये तिचे महाविद्यालय सुरू केले, त्याची दारे सर्वांना उघडी ठेवली, आणि डिसेंबर १९५६ मध्ये, मृत्यूच्या अगदी काही दिवस आधीपर्यंत, जर्जर शरीराने आपल्या अखेरच्या ग्रंथाचे काम केले.

तात्पर्य, ज्ञाती आपल्या मोठ्या माणसांचे कौतुक करते ते बहुधा ती गेल्यावर. हयात असताना ती त्यांच्याकडे प्रायश्चित्त मागते आणि मेल्यावर त्यांची तसबीर मागते. आपल्या सभागृहाच्या भिंतीवर ज्या तसबिरी आहेत, त्यांतील किती जणांस आपल्याच आजोबा-पणजोबांनी पंक्तीस बसू दिले नव्हते, हे वडीलधाऱ्यांनी एकदा आठवून पाहावे. हे आम्ही कोणास दुखविण्यासाठी बोलत नाही. पुढे एक सूचना करावयाची आहे, तिला हा आधार आहे.

तत्पूर्वी भगिनींविषयी दोन शब्द. पत्रकांच्या गठ्ठ्यात स्त्री-पदवीधरांची पत्रके थोडी होती आणि त्यांतही बऱ्याच जणींनी "पद" हा रकाना कोरा ठेवला होता. एका वृद्ध भगिनीने मात्र लिहिले: "शास्त्र शाखेची पदवी. नोकरी केली नाही. निवृत्ती दिली नाही. स्वयंपाकघरातून कोण देतो?" हे वाचून आम्हांस आमच्या पातळ चहाची आठवण झाली आणि मान खाली गेली. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी १८८०-९० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलग्यांच्या वर्गात एकटी बसून शिकली. त्यानंतर अर्धे शतक लोटले, तरी डॉ. कमला सोहोनी यांना, तेव्हाच्या कमला भागवतांना, मुंबईची १९३३ ची पदवी उत्तम रीतीने मिळवूनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून आरंभी प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. प्रवेश मिळविला, पुढे केंब्रिजची डॉक्टरेट १९३९ मध्ये घेतली, आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत गेल्या. निवृत्तीनंतर त्या ग्राहकांच्या मार्गदर्शनासाठी चाललेल्या संस्थेत कामास लागल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि ग्राहकांसाठी सोप्या भाषेत लेख लिहीत राहिल्या. ज्या ज्ञानासाठी त्यांनी दारे ठोठावली, ते त्यांनी अखेर गृहिणींच्या फडताळापर्यंत पोहोचविले. १९९८ मध्ये त्या गेल्या. ज्या भगिनीने आम्हांस वरील उत्तर धाडले, तिने चाळीस वर्षे तीन नणंदांच्या आणि दोन दिरांच्या मुलांना गणित व विज्ञान शिकविले, असे चौकशीअंती कळले. आमच्या नोंदवहीत या कामास रकानाच नव्हता. हा दोष नोंदवहीचा आहे, तिचा नव्हे.

आता त्या "निरंक" गृहस्थांकडे येतो.

आम्ही त्यांच्या बिऱ्हाडी गेलो. पाटबंधारे खात्यातून ते निवृत्त झालेले. पत्नी निवर्तल्या आहेत, मुलगा परगावी. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर खोली. आम्ही पोहोचलो तेव्हा जिन्यात तीन वृद्ध बायका बसलेल्या होत्या. आम्हांस वाटले, कोणाकडे काही बरेवाईट घडले. परंतु त्या वाट पाहत होत्या त्यांचीच. दिवस नोव्हेंबरचे होते. पेन्शनदारांना नोव्हेंबर म्हणजे काय, हे सांगावयास नको. दरवर्षी त्या महिन्यात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावयाचा असतो; तो न दिल्यास पेन्शन थांबते. पूर्वी बँकेत वा कोषागारात जाऊन साहेबांपुढे सही केली की भागे. २०१४ पासून यंत्रावर अंगठा ठेवूनही हा दाखला देता येतो. सोय उत्तम आहे. परंतु ज्या बाईने आयुष्यभर भांडी घासली, धुणी धुतली, तिच्या अंगठ्यावर रेषा शिल्लक राहत नाहीत. यंत्र म्हणते, ही ती बाई नव्हे. बाई समोर उभी असते, श्वास घेत असते, आणि कागदोपत्री मात्र तिच्या हयातीस पुरावा नसतो.

आमचे हे "निरंक" गृहस्थ अशा बायकांना बरोबर घेऊन बँकेत जातात, अर्ज लिहितात, डोळ्यांची खूण घेणारे यंत्र कोठे आहे ते शोधतात, अधिकाऱ्यासमोर कागदी दाखला करून देतात. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे रखडलेले अर्ज पुढे सरकवितात. पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षे पत्रव्यवहार केलेला असल्यामुळे कोणत्या कागदास कोणते जोडपत्र लागते, हे त्यांस मुखोद्गत आहे. त्या बायकांत आपल्या ज्ञातीची एकही नव्हती. आम्ही विचारले, "मग पत्रकात हे का नाही लिहिलेत?" ते म्हणाले, "अहो, याला काम म्हणतात होय? याचा पगार कोठे आहे?"

बंधुभगिनींनो, दुखणे नेमके येथे आहे. पस्तीस वर्षे पगारास काम म्हणावयाची सवय लागली, म्हणून पगार थांबला तेव्हा काम दिसेनासे झाले. त्या गृहस्थांनी "निरंक" लिहिले ते विनयाने. आपल्यापैकी अनेकांचे रकाने मात्र खरोखर निरंक आहेत, आणि त्यांत आमचा पहिला. त्या दिवशी घरी परतताना आमच्या मनात आले, आम्ही दर नोव्हेंबरात सही करून आपण हयात असल्याचे सरकारास पटवितो. पण शेजाऱ्यास ते कोणत्या खुणेने पटावे?

आज या प्रश्नास अधिक धार आली आहे. पूर्वी सरकारी नोकर पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होई. केंद्र सरकारने हे वय १९६२ मध्ये अठ्ठावन्न आणि १९९८ मध्ये साठ केले. निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगणे आता नवलाचे राहिलेले नाही. दुसरे असे की, १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने सेवेत येणाऱ्यांसाठी राज्य सरकारने जुनी निवृत्तिवेतनाची पद्धत बदलली. म्हणजे ठरावीक निवृत्तिवेतनाच्या भरवशावर निश्चिंत बसणारी आमची पिढी ही अशा पिढ्यांपैकी जवळजवळ शेवटची. ज्या तरुणांच्या करांतून आपले पेन्शन येते, त्यांतील अनेकांस स्वतःस ते तसे मिळावयाचे नाही. त्यांचे काही देणे आपल्या अंगावर आहे की नाही?

आता सूचना. आज ज्यांचा सत्कार व्हावयाचा होता, त्यांत त्या गृहस्थांचे नाव आम्ही घातले होते. त्यांनी शाल-श्रीफळ घेण्यास नकार दिला. निरोप पाठविला तो असा: "सत्कार नको. संस्थेच्या खालच्या खोलीत एक टेबल, दोन बाके आणि एक दिवा मिळाल्यास बरे होईल. जिन्यात बसून बायकांचे गुडघे दुखतात."

आपल्या या वास्तूतील तळमजल्यावरची खोली लग्नसराईत भांडी ठेवण्यास लागते आणि एरव्ही कुलूपबंद असते. आमची सूचना अशी की, ती खोली रोज सायंकाळी दोन तास उघडावी. नोंदवहीतील प्रत्येक ज्येष्ठ पदवीधराने, ज्याची प्रकृती ठीक आहे त्याने, आठवड्यातून एक सायंकाळ तेथे बसावे. ज्याला कागदपत्रे कळतात त्याने अर्ज लिहावेत, ज्याला गणित येते त्याने गणित सांगावे. आणि ज्या भगिनीस स्वयंपाकघरातून कोणी निवृत्ती दिली नाही, तिला आठवड्यातील एका सायंकाळपुरती तरी ती घरच्यांनी द्यावी. आमच्या घरापुरता शब्द आम्ही येथेच देतो: त्या दिवशीचा चहा आम्ही करू.

आणि खोलीच्या दारावर ज्ञाती विचारू नये. कोणी म्हणेल, वास्तू आपल्या वर्गणीतून उभी राहिली, मग ती परक्यांस का? त्यांस आमचा उलट प्रश्न आहे. नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती मिळावी म्हणून आपल्या कितीतरी घरांतील मुलांनी रात्री जागविल्या; ती देताना कोणी ज्ञाती पाहिली काय? कर्व्यांच्या विद्यापीठास सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये पंधरा लक्ष रुपये देऊ केले. दाता गुजराती, संस्था पुण्याची, भाषा आड आली नाही. भांडारकरांची संस्कृतची पुस्तके आपण शिकलो, तेव्हा रचणाऱ्याची ज्ञाती आपण विचारली होती काय? पदवी ज्या विद्यापीठाने दिली, त्याच्या पटावर सर्व समाज बसला होता. जे सर्वांकडून घेतले, ते एकाच घरात परत करता येत नाही.

ही सूचना सायंकाळच्या सर्वसाधारण सभेत मतास टाकली जाईल. ती फेटाळण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. ती मंजूर होवो न होवो, नोंदवहीचा शेवटचा रकाना मात्र यापुढे कायम राहील आणि त्यात कोणी "निरंक" लिहिले तर त्याच्या घरी जाऊन खात्री करून घेतल्याशिवाय ते नोंदविले जाणार नाही, एवढे आम्ही माहिती गोळा करणारे या नात्याने ठरविले आहे.

सत्कारमूर्तींचे आम्ही अभिनंदन करतो. त्यांना दीर्घायुष्य चिंतणे हा शिष्टाचार आहे, आणि तो आम्ही मनापासून पाळतो. परंतु आपल्यापैकी प्रत्येकास पुढच्या नोव्हेंबरात बँकेच्या सहीवाचूनही कोणी तरी ओळखावे, जिन्यात बसून कोणी तरी आपली वाट पाहावी, ही आमची त्याहून मोठी प्रार्थना आहे.